बंद अ‍ॅपला येणारी सूचना: दवंडी आणि दप्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गावच्या दूध संस्थेसाठी फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडातून अ‍ॅप बनवण्याच्या साधनात) अ‍ॅप तयार केले आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर उत्पादकाचे दूध मोजून झाले की लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) आणि दर यांची पावती फायरबेस या गुगलच्या संदेश पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत त्याच्या फोनवर जाते. अ‍ॅप ती फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवते आणि मग स्वतःच सूचना दाखवते. अ‍ॅप उघडे असताना सगळे सुरळीत चालते, होमचे बटण दाबून मागे टाकले तरी चालते. अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून ते सरकवून काढले की मात्र काही फोनवर सूचना येते, काहींवर येत नाही, आणि आयफोनवर तर कधीच येत नाही. शिवाय आलेल्या सूचनेवर बोट टेकवले की पावतीऐवजी अ‍ॅपचा पहिलाच पडदा उघडतो. यावर प्लगइन (संदेश हाताळण्यासाठी जोडलेला तयार कोड) बदलावे, की अ‍ॅप कायम जिवंत राहावे म्हणून फोरग्राउंड सर्व्हिस लावावी, असे विचारले आहे.

यांपैकी काहीही करू नये, असे माझे मत आहे. येथे दोष प्लगइनचा नसून कामाच्या वाटणीचा आहे. पुश सूचना ही दवंडी आहे. दप्तर सर्व्हरवर असते. आपण दवंडीवाल्याच्याच झोळीत दप्तर घालून त्याला गावोगाव पाठवले आहे, आणि तो एखाद्या वाडीत पोहोचला नाही की तिथली नोंदच हरवते. वाटणी नीट केली की वर सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक आपोआप मिटतात आणि ज्या उरतात त्या आवाक्यातल्या असतात. पुढील मजकुरात सर्व्हर जे पाठवतो त्याला मी ‘संदेश’ म्हणेन आणि वापरणाऱ्याला पडद्यावर जे दिसते त्याला ‘सूचना’ म्हणेन, कारण बराचसा घोटाळा या दोन गोष्टी एकच समजल्याने होतो.

प्रथम ‘अ‍ॅप चालू नाही’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपची प्रक्रिया स्मृती कमी पडल्यामुळे प्रणालीने संपवली असेल, तर संदेश येण्यास काहीच आडकाठी नसते. गुगलच्या सर्व्हरशी असलेली जोडणी आपले अ‍ॅप धरून ठेवत नाही. ती गुगल प्ले सर्व्हिसेसकडे असते आणि फोनमधली सगळी अ‍ॅप तीच एक जोडणी वाटून घेतात. संदेश आला की प्ले सर्व्हिसेस आपल्या अ‍ॅपची प्रक्रिया नव्याने सुरू करून तो हाती देते. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ केलेल्या अ‍ॅपची गोष्ट वेगळी आहे. अँड्रॉइड 3.1 पासून, म्हणजे 2011 पासून, असे अ‍ॅप ‘थांबवलेले’ मानले जाते आणि वापरणाऱ्याने ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत बाहेरून आलेला संदेश त्याला जागे करू शकत नाही. हा वापरणाऱ्याचा हक्क आहे आणि त्यावर पळवाट शोधण्यात वेळ घालवू नये.

अलीकडच्या यादीतून अ‍ॅप सरकवून काढणे हा प्रकार या दोहोंच्या मधला आहे, आणि ‘काही फोनवर येते, काहींवर नाही’ याचे उत्तरही तिथेच आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये सरकवणे म्हणजे फोर्स स्टॉप नव्हे. त्यानंतरही संदेश येतात. परंतु बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्यांनी आपल्या फोनमध्ये स्वतःचे नियम घातले आहेत, आणि त्यांत सरकवलेल्या अ‍ॅपला जवळजवळ फोर्स स्टॉप केल्यासारखेच वागवले जाते. शाओमीच्या फोनमध्ये दिसणारा ‘ऑटोस्टार्ट’ हा पर्याय याच जातीचा आहे. खेड्यात, आणि शहरातही, आपल्याकडे नेमके असेच फोन बहुसंख्य आहेत, आणि काम झाले की यादी पुसून टाकण्याची सवय तर घरोघरी आहे. ही परिस्थिती अपवाद समजून चालणार नाही; रचना करतानाच ती गृहीत धरावी लागते.

आता मुख्य मुद्दा. फायरबेसच्या संदेशात दोन भाग असू शकतात: ‘नोटिफिकेशन’ आणि ‘डेटा’. संदेशात नोटिफिकेशनचा भाग असेल आणि अ‍ॅप समोर उघडे नसेल, तर सूचना दाखवण्याचे काम फायरबेसची लायब्ररी आणि प्रणाली उरकतात. आपला एकही ओळ कोड चालावा लागत नाही. सोबत डेटाचा भाग असेल तर तो सूचनेबरोबर राखून ठेवला जातो आणि सूचनेवर बोट टेकवल्यावर अ‍ॅपच्या हाती येतो. याउलट संदेशात केवळ डेटा असेल, तर अ‍ॅपची प्रक्रिया जागी करून तिच्या हाती तो दिला जातो, आणि पुढे सूचना दाखवायची की गिळून टाकायची हे सर्वस्वी आपल्या कोडवर असते. तुमचा सर्व्हर फक्त डेटा पाठवतो. म्हणजे बंद अ‍ॅप उठून बसेल, पार्श्वभूमीतला कोड सुरू होईल, डेटाबेस उघडेल, नोंद लिहिली जाईल आणि मग सूचना काढली जाईल, एवढ्या सगळ्या पायऱ्या पार पडल्या तरच उत्पादकाला काही दिसते. यांतली एक पायरी निसटली की सगळे मुके.

म्हणून माणसाला जे दिसायलाच हवे त्याचा मजकूर नोटिफिकेशनच्या भागात घालावा: ‘सकाळचे संकलन: 8.4 लिटर, फॅट 4.1’ एवढी एक ओळ पुरे. डेटाच्या भागात फक्त पावतीचा क्रमांक आणि कोणता पडदा उघडायचा याची खूण ठेवावी. संपूर्ण संदेशाची मर्यादा 4096 बाइट आहे. पण मर्यादेत बसते म्हणून सगळी पावती त्यात कोंबण्याचे कारण नाही. पावती सर्व्हरवरून आणावी. हा बदल करताना एक गोष्ट आवर्जून सांभाळा. फ्लटरचे प्लगइन अँड्रॉइडवर नोटिफिकेशनचा भाग असलेल्या संदेशासाठीही पार्श्वभूमीतला हँडलर (संदेश आल्यावर चालणारे आपले फंक्शन) बोलावते. तुमच्या त्या हँडलरमध्ये स्वतःहून सूचना दाखवण्याचा कोड तसाच राहिला, तर एका पावतीच्या दोन सूचना येतील आणि दूध दोनदा मोजले गेले की काय, असे विचारायला लोक संस्थेत येतील. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्या सकाळी सचिवांची समजूत घालणे हे कोड दुरुस्त करण्यापेक्षा अवघड गेले होते.

फोरग्राउंड सर्व्हिसचा विचार मनातून काढून टाका. संदेश येण्यासाठी अ‍ॅप जिवंत असण्याची गरज नाही, हे वर सांगितलेच आहे. मग केवळ जिवंत राहण्यासाठी सर्व्हिस चालवणे म्हणजे पोस्टमन येईल म्हणून दिवसभर दार उघडे ठेवून उंबऱ्यात बसणे होय. वर त्यासाठी एक कायमची सूचना पडद्यावर ठेवावी लागते, बॅटरी जाते, अँड्रॉइड 14 पासून सर्व्हिसचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि अँड्रॉइड 15 मध्ये ‘डेटा सिंक’ प्रकारच्या सर्व्हिसला 24 तासांत 6 तासांची मर्यादा आहे. एवढे करूनही जे फोन सरकवलेले अ‍ॅप थांबवतात ते बहुधा ही सर्व्हिसही थांबवतात.

प्राधान्याचा विषय मात्र बारकाईने समजून घेण्याजोगा आहे, कारण त्यातला दोष चाचणीत सहसा दिसत नाही. अँड्रॉइड 6.0 पासून ‘डोझ’ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ हलवला गेला नसेल, तर प्रणाली जाळ्याचा (नेटवर्कचा) वापर आणि पार्श्वभूमीतली कामे थोपवून धरते व अधूनमधून छोट्या खिडक्या उघडून साचलेले काम उरकून घेते. साधारण प्राधान्याचा संदेश अशा वेळी पुढच्या खिडकीपर्यंत थांबतो. उच्च प्राधान्याचा संदेश लगेच पोहोचवण्याचा प्रयत्न होतो. पहाटेपासून कोनाड्यात पडून असलेला फोन हा डोझचा आदर्श नमुना आहे, आणि उत्पादक त्या वेळी गोठ्यात असतो. आपल्या टेबलावरचा फोन मात्र यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडलेला, म्हणजे चार्जिंगवर असतो. त्याला डोझ लागूच होत नाही. ‘आमच्याकडे येते, त्यांच्याकडे येत नाही’ या वाक्यामागे पुष्कळदा ही तारच असते.

तेव्हा पावतीचा संदेश उच्च प्राधान्याने पाठवा. पण मग सगळेच उच्च प्राधान्याने पाठवू, असा मोह होईल, तो आवरा. उच्च प्राधान्याचे संदेश येऊनही वापरणाऱ्याला दिसणारी सूचना निघत नसेल, तर फायरबेस मागील 7 दिवसांची वागणूक पाहून त्या फोनवरील त्या अ‍ॅपच्या संदेशांचे प्राधान्य खाली आणू शकते. अ‍ॅपने गुपचूप दरपत्रक ताजे करावे म्हणून तुम्ही असे संदेश रोज पाठवत असाल, तर त्याची किंमत पावतीच्या संदेशांना मोजावी लागते. आलेल्या संदेशाचे मूळ प्राधान्य आणि प्रत्यक्ष मिळालेले प्राधान्य ही दोन्ही अ‍ॅपला वाचता येतात. काही आठवडे त्यांची नोंद सर्व्हरकडे पाठवून पाहा.

आयफोनवर ‘कधीच येत नाही’ याचे कारणही केवळ डेटा पाठवण्यातच आहे, फक्त तिथले नियम अधिक कडक आहेत. अ‍ॅपलच्या सेवेतून जाणारी सूचना ‘अलर्ट’ प्रकारची असेल तर ती प्रणाली स्वतः दाखवते, आणि वापरणाऱ्याने अ‍ॅप सरकवून बंद केले असले तरी दाखवते. मूक, म्हणजे दिसणारा मजकूर नसलेल्या, संदेशाचे तसे नाही. त्यात ‘कंटेंट अव्हेलेबल’ ही खूण असावी लागते, पुशचा प्रकार ‘बॅकग्राउंड’ आणि प्राधान्य 5 असावे लागते. एवढे करूनही तो पोहोचेलच अशी हमी अ‍ॅपल देत नाही आणि तासाला दोन-तीनपेक्षा अधिक पाठवू नका असे सांगते. वापरणाऱ्याने अ‍ॅप सरकवून बंद केले असेल, तर तो ते पुन्हा उघडेपर्यंत किंवा फोन बंद करून चालू करेपर्यंत मूक संदेशासाठी प्रणाली अ‍ॅपला उठवत नाही. पुशचा प्रकार सांगणारे शीर्षक (संदेशासोबत जाणारी ‘हेडर’ ओळ) आयओएस 13 पासून आवश्यक झाले. जुन्या उदाहरणांवरून लिहिलेल्या सर्व्हर कोडमध्ये ते नसते, तेवढे तपासा. आणि फायरबेसच्या कन्सोलमध्ये अ‍ॅपलची पुश किल्ली चढवली आहे का, हेही पाहा. हा प्रश्न विचारताना मला संकोच वाटतो, पण निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असे येते.

आयफोनवर सूचना दिसण्यापूर्वी तुमचा कोड चालायलाच हवा असेल, उदाहरणार्थ मजकूर गुप्त स्वरूपात पाठवून फोनवर उलगडायचा असेल, तर त्यासाठी 2016 मध्ये आयओएस 10 सोबत आलेले ‘नोटिफिकेशन सर्व्हिस एक्स्टेन्शन’ हा राजमार्ग आहे. संदेशात ‘म्युटेबल कंटेंट’ ही खूण असली आणि सूचना अलर्ट प्रकारची असली की प्रणाली हे छोटे एक्स्टेन्शन चालवते, मजकूर बदलण्यासाठी सुमारे 30 सेकंद देते, आणि वेळ संपली तर मूळ मजकूरच दाखवते. मुख्य अ‍ॅप बंद असले तरी हे चालते. फ्लटरमध्ये ते स्विफ्टने (अ‍ॅपलच्या भाषेत) वेगळे लिहावे लागते. तुमच्या कामाला त्याची गरज मला दिसत नाही. कॉलसाठी असलेला पुशकिटचा मार्गही कोणी सुचवेल. तो वापरू नका. आयओएस 13 पासून त्या मार्गाने आलेल्या प्रत्येक संदेशावर कॉल आल्याचे प्रणालीला कळवावेच लागते, न कळवल्यास ती अ‍ॅप बंद करते, आणि दुधाच्या पावतीसाठी फोन खणखणवणे कोणालाच आवडणार नाही.

सूचना प्रणालीकडे सोपवली तरी पार्श्वभूमीतला हँडलर काढून टाकायलाच हवा असे नाही. तो मिळाला तर नफा, नाही मिळाला तर तोटा नाही, अशा कामासाठी ठेवावा. अ‍ॅप उघडण्यापूर्वीच पावती आणून ठेवली तर उघडल्यावर ती झटकन दिसते, इतकेच त्याचे काम. तो लिहिताना मात्र आपण कोणत्या घरात उभे आहोत याचे भान हवे. फ्लटरमध्ये तो वेगळ्या आयसोलेटमध्ये चालतो: तिथे तुमचा पडदा नाही, मुख्य भागात तयार केलेले एकही ऑब्जेक्ट नाही, लॉगिनची माहिती स्मृतीत नाही. फायरबेस तिथे पुन्हा सुरू करून घ्यावे लागते. हँडलर कोणत्याही क्लासच्या आत न ठेवता फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर लिहावा लागतो, आणि त्यावर ‘व्हीएम एंट्री पॉइंट’ ही खूण करावी लागते; ती नसेल तर प्रकाशनासाठी बांधणी करताना ‘हे फंक्शन कोणी वापरत नाही’ असे समजून कंपायलर ते वगळू शकतो. चाचणीच्या (डीबग) बांधणीत चालणारी आणि प्ले स्टोअरवर गेल्यावर मुकी होणारी कितीतरी अ‍ॅप या एका ओळीपायी मुकी झालेली असतात. वेळही थोडा असतो. अँड्रॉइडवर 20 सेकंदांच्या आत काम संपेल असे धरून चाला आणि लांबणारे काम वर्क मॅनेजरकडे (कामे सवडीने उरकणाऱ्या अँड्रॉइडच्या व्यवस्थेकडे) द्या. फोन कुलूपबंद असताना आयफोनच्या कीचेनमधली (गुप्त माहितीच्या तिजोरीतली) लॉगिनची किल्ली वाचता न येणे हाही नेहमीचा अडथळा आहे. तिची उपलब्धता ‘पहिल्या वेळी कुलूप उघडल्यानंतर’ अशी ठेवली तर तो दूर होतो.

दप्तराकडे वळू. फोनमधला डेटाबेस संदेशांवरून भरायचा नाही, सर्व्हरवरून भरायचा. प्रत्येक उत्पादकाच्या पावतीला चढता अनुक्रमांक द्या. अ‍ॅप उघडताना, सूचनेवरून आत येताना, आणि जमल्यास पार्श्वभूमीतल्या हँडलरमध्ये, फोनने एवढेच विचारावे की माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंत आहे, पुढचे द्या. मग मधला संदेश हरवला, उशिरा आला, दोनदा आला किंवा उलट्या क्रमाने आला, तरी हिशेबाला धक्का लागत नाही. संदेश हरवतातच. फायरबेस न पोहोचलेला संदेश जास्तीत जास्त 4 आठवडे राखून ठेवते. एखाद्या फोनसाठी साचलेले संदेश 100 हून अधिक झाले तर ते सगळे टाकून देऊन ‘तुमचे संदेश पुसले गेले आहेत’ एवढाच निरोप अ‍ॅपला मिळतो. तो निरोप मिळाला की सर्व्हरशी संपूर्ण जुळवणी करावी. अ‍ॅपलच्या बाजूने फोन बंद असताना आलेल्या अनेक सूचना ओळीने साठून राहतील, अशी अपेक्षा मुळीच धरू नये.

यातूनच संदेशाच्या आयुष्यमर्यादेचा विचार निघतो, आणि तो फारच थोडे लोक करतात. आयुष्य सांगितले नाही तर ते 4 आठवड्यांचे धरले जाते. उत्पादक लग्नकार्यासाठी दोन दिवस परगावी गेला, तिथे जाळे नव्हते, आणि परतताना एसटीत बसल्या बसल्या त्याच्या फोनवर चार वेळच्या पावत्यांच्या सूचना एकदम आदळल्या, याचा त्याला काही उपयोग नाही. पावत्या अ‍ॅपमध्ये आहेतच. सकाळच्या पावतीच्या सूचनेला संध्याकाळच्या संकलनापर्यंतचे आयुष्य पुरे. दरबदलाच्या सूचनेला मात्र ‘कोलॅप्स’ किल्ली लावावी, म्हणजे फोन बंद असताना दोनदा दर बदलला तर शेवटचाच पोहोचेल. एका फोनसाठी एका वेळी अशा 4 वेगवेगळ्या किल्ल्याच सांभाळल्या जातात, म्हणून प्रत्येक पावतीला वेगळी किल्ली देण्याचा उद्योग करू नये. पावत्या एकमेकींना पुसणाऱ्या नसतात. त्या किल्लीविनाच पाठवाव्यात.

सूचनेवरून पावतीचा पडदा का उघडत नाही, ते आता सांगतो. अ‍ॅप मागे पण जिवंत असताना बोट टेकवले की फ्लटरमध्ये ‘ऑन मेसेज ओपन्ड अ‍ॅप’ या प्रवाहातून संदेश मिळतो. अ‍ॅप पूर्ण बंद असेल तर त्या प्रवाहाला ऐकणारे कोणी तेव्हा अस्तित्वातच नसते. म्हणून सुरुवातीला एकदा ‘गेट इनिशियल मेसेज’ विचारून पाहावे लागते. आज तुमची सूचना अ‍ॅप स्वतः काढते, म्हणून तिच्यावर बोट टेकवल्याची खबर या दोन्ही मार्गांनी येत नाही; वाटणी बदलल्यावर मात्र प्रवाह ऐकणे आणि सुरुवातीचे विचारणे, दोन्ही लागतील. हे विचारणे लॉगिनची तपासणी संपल्यानंतर आणि पहिला पडदा तयार झाल्यानंतर करावे. नाहीतर पावतीचा पडदा उघडतो आणि पाठोपाठ येणारा मुख्य पडदा त्याला झाकून टाकतो, आणि आपण मात्र संदेश मिळालाच नाही असे समजून भलतीकडे शोधत बसतो. लॉगिन संपलेले असेल तर पावतीचा क्रमांक बाजूला जपून ठेवावा आणि लॉगिन झाल्यावर तिकडे न्यावे.

ज्यांनी सूचना अ‍ॅपच्या मूळ कोटलिन (अँड्रॉइडच्या भाषेतील) कोडमध्ये स्वतः बांधली आहे, त्यांना आणखी एक जुना खड्डा लागतो. पेंडिंग इंटेंट म्हणजे सूचनेवर बोट टेकवल्यावर काय उघडायचे याची राखून ठेवलेली आज्ञा. दोन पेंडिंग इंटेंट सारखे आहेत की नाही हे ठरवताना अँड्रॉइड त्यांच्या सोबतची जादा माहिती पाहत नाही. सगळ्या सूचनांना एकच विनंती क्रमांक दिला असेल, तर आजच्या सूचनेवर बोट ठेवल्यावर कालची पावती उघडते. पावतीचा क्रमांकच विनंती क्रमांक म्हणून द्यावा. अँड्रॉइड 12 पासून पेंडिंग इंटेंट बदलता येणारा आहे की नाही हे स्पष्ट सांगावे लागते, आणि सूचनेवरून आधी सर्व्हिस किंवा रिसीव्हर (पडद्याविना चालणारे भाग) व मग तिथून पडदा, असा आडवळणाचा मार्गही बंद झाला आहे. थेट पडदाच उघडावा.

परवानगी आणि चॅनेल यांविषयी थोडक्यात. अँड्रॉइड 13 पासून नव्याने घातलेल्या अ‍ॅपला सूचना दाखवण्यासाठी परवानगी मागावी लागते. ती अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका. पहिली पावती दाखवून ‘अशी पावती दर वेळी कळवू का?’ असे विचारा, होकार अधिक मिळतो. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक सूचना एखाद्या चॅनेलवर, म्हणजे आवाज आणि महत्त्व ठरवलेल्या सूचनांच्या गटात, जाते. तुम्ही चॅनेल सांगितले नाही तर फायरबेस आपले किरकोळ स्वरूपाचे चॅनेल वापरते, आणि तिथली सूचना पडद्यावर न झळकता खाली पडून राहू शकते. चॅनेलचे महत्त्व एकदा ठरले की अ‍ॅपला ते वाढवता येत नाही. म्हणून ‘पावती’, ‘दर’ आणि ‘बिल’ अशी तीन चॅनेल पहिल्याच आवृत्तीत विचारपूर्वक करा.

टोकन म्हणजे त्या फोनवरच्या अ‍ॅपला फायरबेसने दिलेला पत्ता. टोकनबाबत खेड्यातली एक परिस्थिती शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही: एक फोन घरातली तिघे वापरतात. वडिलांचे खाते काढून मुलाने आपले खाते उघडले, आणि सर्व्हरवर जुनी जोडी तशीच राहिली, की वडिलांची पावती मुलाच्या नावाखाली दिसते. फोन विकला गेला तर ती परक्याला दिसते. खात्यातून बाहेर पडताना टोकन पुसावे, आणि सर्व्हरवर एका टोकनाला एकच, शेवटचे खाते जोडलेले असावे. टोकन अ‍ॅप पुन्हा घातल्यावर, त्याचा डेटा पुसल्यावर किंवा नव्या फोनवर गेल्यावर बदलते, तेव्हा बदल कळवणारा हँडलर हवाच. शिवाय अ‍ॅप उघडताना अधूनमधून टोकन पुन्हा पाठवत राहावे. पाठवताना ‘अनरजिस्टर्ड’ असे उत्तर आले की ते टोकन त्याच क्षणी काढावे. अँड्रॉइडवर 270 दिवस निष्क्रिय राहिलेले टोकन फायरबेस स्वतःच कालबाह्य ठरवते. सर्व्हरचा कोड जुना असेल तर आणखी एक पाहा: फायरबेसचा जुना एचटीटीपी मार्ग जुलै 2024 पासून बंद करण्यात आला आहे, आता ‘व्ही 1’ हाच मार्ग आहे आणि तिथे कायमची सर्व्हर किल्ली चालत नाही, थोड्या वेळापुरते मिळणारे प्रवेशपत्र घ्यावे लागते.

चाचणी कशी करावी, हे विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण इथेच बहुतेकांचे दोन दिवस वाया जातात. अँड्रॉइड स्टुडिओमधले लाल चौकोनी बटण दाबून अ‍ॅप ‘बंद’ करू नका. त्याने अ‍ॅप फोर्स स्टॉप होते, आणि मग संदेश न येणे हेच बरोबर असते. लॉगमध्ये अशा वेळी संदेश पोहोचवणे (ब्रॉडकास्ट) रद्द झाल्याची ओळ दिसते आणि तिच्यात ‘सी2डीएम’ हे नाव असते. ते 2010 मधल्या गुगलच्या पहिल्या पुश सेवेचे नाव. त्यानंतर 2012 मध्ये जीसीएम आले, 2016 मध्ये एफसीएम, म्हणजे आजची फायरबेसची सेवा, आली, पण आतल्या दारावरची ती जुनी पाटी कोणी काढली नाही. प्रक्रिया नैसर्गिकपणे मेल्यासारखी करायची असेल तर अ‍ॅप मागे टाकून एडीबीची (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाची) ‘एएम किल’ ही आज्ञा वापरा. डोझसाठी त्याच साधनाच्या ‘डम्पसिस’ आज्ञेतून चार्जर काढल्याचे भासवून ‘डिव्हाइस आयडल’ला जबरीने झोपवा आणि मग संदेश पाठवा. आयफोनवर एक्सकोड (अ‍ॅपलचे अ‍ॅप बांधण्याचे साधन) जोडलेले असताना मूक संदेशांच्या मर्यादा शिथिल असतात. तार काढून, प्रकाशनाची बांधणी घालून, अ‍ॅप सरकवून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका. आणि गावात सर्वाधिक वापरले जाणारे दोन-तीन स्वस्त फोन विकत घेऊन कार्यालयात ठेवा, मात्र चार्जिंगला लावून ठेवू नका.

एवढे केल्यावरही काही फोन उरतील. ऑटोस्टार्ट चालू करण्याची विनंती अ‍ॅपमध्ये दाखवता येते, पण ती दर वेळी न दाखवता, आठवडाभर सूचना पोहोचलेली नाही असे आढळले तरच दाखवावी. बॅटरीच्या बंधनातून सूट मागणारा अँड्रॉइडचा संवाद थेट दाखवण्यावर प्ले स्टोअरचे निर्बंध आहेत, आणि ती सूट मिळाली तरी कंपन्यांचे स्वतःचे नियम त्याने सुटत नाहीत. रोजच्या पावतीची सूचना एखाद्या वेळी चुकली तर उत्पादकाचे नुकसान होत नाही, कारण अ‍ॅप उघडले की ती दिसते. दहा दिवसांच्या बिलाचे तसे नाही. ते कळायलाच हवे. त्यासाठी अ‍ॅपने बिल सर्व्हरवरून आणले की सर्व्हरवर तशी नोंद करावी, आणि सूचना पाठवल्यानंतर सहा तासांत अशी नोंद झाली नाही, तर त्या क्रमांकावर एसएमएस पाठवावा. आपल्याकडे एसएमएससाठी प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा साचा डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) आधी नोंदवावा लागतो. संस्थेच्या नावाने ते काम आजच सुरू करा, कारण कोड लिहून होईल त्याला वेळ लागणार नाही, कागदपत्रांना लागेल.